आत्याबाईंचे गुडघे

आमच्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला काहीही झालं तरी निदान एकच असायचं. दम लागला, वय झालं. डोळ्यांपुढं धुरकट झालं, वय झालं. कंबर धरली, तरी वयच झालं. फरक इतकाच, की बाप्याचं वय झालं की ओसरीत त्याच्यासाठी बाज टाकली जायची, आणि बाईचं वय झालं तर ती आधी जमिनीवर बसायची ती नंतरही जमिनीवरच. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. लग्न होऊन मी अनसिंगजवळच्या त्या गावी गेले, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आत्याबाईंच्या घरात मात्र त्याची वार्ता नव्हती. त्यांची साठी जवळ आली होती, दोन्ही गुडघे बेलफळासारखे सुजलेले. सासरे कधीच वारले होते. घराचे कर्ते सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आत्याबाईंचे भासरे. मी त्यांना मोठे मामंजी म्हणायचे. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं उंचावर बसायचं नाही, बोलायचं नाही, ते दिसले की पदर ओढून उठायचं, ही तिकडची रीत. नव्या नवरीला एक वेळ ठीक. पण इथं नातवंडं झालेली बाई, मोठे मामंजी अंगणात नुसते खाकरले तरी भिंत धरून, दात आवळून उभी राहायची. ते दिवसातून किती वेळा खाकरायचे, देव जाणे.

गुडघे त्यांचेही दुखायचे. पण त्यांना बाज होती, तेल होतं, एरंडाच्या पानांचा शेक होता. आणि ती पानं गरम करायला चुलीपुढं उकिडवं कोण बसायचं? आत्याबाई!

शेवटी माझ्या यजमानांनी त्यांना वाशिमला नेलं. अनसिंगपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हे दुखणं जन्माचं आहे. गोळ्यांपेक्षा एक करा, आजींना जमिनीवर बसू देऊ नका. अजून पाय सरळ होतात, ते तरी वाचतील."

यजमानांनी सुताराकडून बाभळीचं एक स्टूल करून घेतलं. आत्याबाई त्यावर बसल्या आणि पाय लांब करून चक्क हसल्या. "माय वं, मले तं राणीवानी वाटून राह्यलं," म्हणाल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच दुपारी मोठे मामंजी खाकरले. आत्याबाई घाईनं उठायला गेल्या, पाय वळला आणि त्या धाडकन खाली आल्या. मामंजींनी ते पाहिलं. भावजयीशी थेट बोलायचं नसतं म्हणून आढ्याकडं बघत म्हणाले, "आता बायाच उच्च्या बसतीन या घरात. आमी कोठी बसाव मंग, उकंड्यावर?"

माझ्यानं राहवलं नाही. दाराआडून म्हटलं, "मोठे मामंजी, डाक्टरनं सांगतलं हाय. नाई तं पाय जाईन त्यायचा."

यजमान मूग गिळून बसले. मामंजी उठले, स्टूल उचलून बाजेजवळ नेलं आणि त्यावर आपला पाण्याचा तांब्या ठेवला.

"काहून बोलली तू?" आत्याबाई माझ्यावरच चिडल्या. "लोक म्हनतीन, सुनेले हीनंच शिकवलं."

"म्हनू द्या ना! लोकायचे गुडघे दुखून राह्यले का?"

स्टूल परत आणू का, असं मी आत्याबाईंना कितीदा विचारलं. दर वेळी नकारार्थी मान हलवायच्या. त्या हिवाळ्यात त्यांचे पाय आखडायला लागले. मग चालणं सुटलं, त्या बसल्या बसल्या सरकायच्या, सरकतच चुलीपाशी जाऊन भाकरी थापायच्या. शेजारपाजारच्या बाया येऊन कौतुक करायच्या, "मर्यादा पाहाव तं ह्यायची!" एकीलाही त्या मर्यादेखालचे गुडघे दिसले नाहीत. मला त्या कौतुकाचा त्या दुखण्याहून जास्त संताप यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. मोठे मामंजी होतेच, बाजेवर. अंगणात तिरडी बांधून झाली, आणि आत्याबाईंचे पाय काही सरळ होईनात. गुडघे पोटाशी तसेच राहिले. दोघा पुरुषांनी वरून हात देऊन दाबायला सुरुवात केली. तिसरा म्हणाला, "जोर लावा, आता काय दुखते त्यायले?" मामंजी बाजेवरून हळहळले, "बाई मोठी मर्यादेची होती."

मी घरातून थेट अंगणात आले. डोक्यावर पदर नव्हता. त्या दोघांचे हात झटकले आणि ओरडले, "कोनी हात लावू नका! जित्तेपनी बसू देल्लं नाई, आता बसलेलीच न्या तिले. बाजेसमोरून न्या!"

कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. यजमान पुढं आले. त्यांनी आईला उचललं, कुशीवर निजवलं आणि दुमडल्या पायांनिशीच दोर बांधला.