पॅरिसमधली पावाची रांग

आज अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घरी नातीने ओव्हनमधून लांब फ्रेंच पाव काढला. "आजी, केअरफुल, इट्स हॉट," ती म्हणाली. त्या वासासरशी मी महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये पोचले.

बाबा तिथे शिकत होते. पाव तेव्हा रेशनवर मिळायचा. बोचऱ्या थंडीत आई लुगड्यावर बाबांचा कोट चढवून रांगेत उभी होती, मी तिचा हात धरून. शेवटचा पाव आम्हाला मिळाला आणि मागची बाई कडाडली, "आमची पोरं उपाशी, आणि पाव परक्यांना!" सगळी रांग आमच्याकडे वळली. आईला फ्रेंच येत नव्हतं. मला शाळेमुळे कळायचं.

"काय म्हणतेय गं ती?"

मी पटकन म्हटलं, "तुझं लुगडं छान आहे म्हणतेय."

आई तिच्याकडे बघून हसली. मग पाव मोडून अर्धा तिच्या हातात ठेवला. बाईची मान खाली गेली. रांगेने आम्हाला वाट दिली.

घराचा जिना चढताना आई म्हणाली, "लुगड्याचं कौतुक कुणी असं ओरडून करत नाही, बाळा."

तेव्हा मला फक्त खोटं पकडलं गेल्याची भीती वाटली. आईने पाव सगळं समजून मोडला होता, हे फार उशिरा लक्षात आलं.