बिनकिडीची वांगी

पोरीला पाचवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते कशाचे, तर शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचे अन् वांग्याच्या भाजीचे. वाशीमला राहते, हाताशी सगळं आहे, पण नाही. "आई, मले वावरातच बसून खायचं हाय," म्हणे. सोबत तिच्या सासूबाई येणार. झालं! माझी झोपच उडाली. विहीणबाई म्हणजे टापटिपीची बाई, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यात आमच्या ह्यांनी फोनवर फुशारकी मारून ठेवलेली, "गहू घरचा, तूर घरची, तूप घरचं. वांगं तर बिनफवारणीचं, विहीणबाई!"

ते खोटं नव्हतं. आमच्या वावरात वांग्यांचा मोठा तुकडा बाजारासाठी. त्याच्यावर फवारा सुरूच असतो. विहिरीजवळची एक ओळ मात्र घरच्या खाण्याची, तिच्याकडे पंप न्यायचा नाही. आमच्या भागात बरेच जण असंच करतात.

त्या दिवशी ह्यांनी स्वतः टोपलंभर वांगी तोडून आणली आणि रोडगे भाजायला बसले. मी तिथंच वावरातल्या चुलीपाशी चिरायला बसले. पाहुणे येतील या धास्तीनं हात नुसते पळत होते. सगळी वांगी फोडणीत पडली, झाकण ठेवलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की एकाही वांग्यात कीड निघाली नाही.

घरच्या ओळीतली वांगी चिरायची म्हणजे अर्धा जीव कीड काढण्यातच जातो. तशीच उठून विहिरीकडे गेले. ओळ जशीच्या तशी लगडलेली, एक फळ तोडलेलं नाही.

हे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे फिरवत होते.

"अवो, वांगी कुठची तोडली?"

ह्यांनी एक रोडगा उलटला.

"कुठची तोडली म्हणते मी?"

"तिकडच्या तुकड्यातली. मंग किडकी, वाकडी वांगी वाढू काय विहीणबाईले? काही इज्जत हाय का नाही!"

"परवाच फवारलं ना तुमी?"

"मिठाच्या पाण्यानं धुतले म्या. काही होत नाही. लोकं खातेतच ना."

"लोकं खातेत! माह्या पोरीच्या पोटात लेकरू हाय!"

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे. भाजीला तर्री सुटली होती, वास सगळीकडे पसरला होता, आणि धुऱ्यावर, बांधाशी पोरीची गाडी येऊन थांबली होती. पण पातेलं उचललं, मागे खड्ड्यात उपडं केलं आणि वर माती ओढली. गाईपुढे टाकायचीही हिंमत झाली नाही.

मग विहिरीजवळची वांगी तोडली आणि पुन्हा चिरायला बसले. नेमक्या विहीणबाई समोरच्या बाजेवर येऊन बसल्या. पोरगी दोनदा म्हणाली, "आई, लय भूक लागली वं." मी अळी निघाली की पदराआड करायची, वर हसून दाखवायची. शेवटी त्यांनी विचारलंच.

"कीड हाय वाटते?"

मला लपवता येईना. म्हटलं, "हाय. या ओळीले औषध मारत नाही, म्हणून हाय. पहिली भाजी झालती, फेकून दिली. ती फवारलेल्या वांग्याची होती."

हे निखाऱ्यात तोंड घालून बसलेले. विहीणबाईंनी पोरीकडे पाहिलं. ही बाई आता पोरीला उठवून गाडीत बसवते की काय, असं मला झालं. त्या बाजेवरून उतरल्या, माझ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडं. अर्धी मी चिरते."

जेवणं झाली. पोरीनं तुपात कुस्करलेला रोडगा भाजीशी ओरपून खाल्ला, वरून अजून मागितला. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. सुटले बाई, असं वाटलं तेव्हा कुठं मी पहिला घास घेतला.

हात धुताना विहीणबाईंना आंब्याखालचे, तिकडच्या तुकड्यातल्या वांग्यांनी भरलेले क्रेट दिसले.

"हे कुठं जातेत?"

"वाशीमच्या बाजारात," हे म्हणाले.

त्या एक वांगं उचलून फिरवून बघायला लागल्या. "मी असेच घेते. पाहू पाहू घेते, एकही भोक नसलेले. हिले आवडते ना, म्हणून भाजी नेहमीच करते."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलटून बोलले असते. विहिरीजवळच्या ओळीतली होती नव्हती ती सगळी वांगी तोडून मी पिशवीत कोंबली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. जास्तीत जास्त आठवडाभर पुरली असती.

गाडी दिसेनाशी झाली तसा ह्यांचा फोन वाजला. टेम्पोवाला विचारत होता, क्रेट न्यायला येऊ का. ह्यांनी फोन तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"काय सांगू?"

मी क्रेटातल्या त्या एकही भोक नसलेल्या वांग्यांकडे बघत होते. तिकडून टेम्पोवाला हॅलो हॅलो करत राहिला.