कवळीवाल्याचं लायसन

कवळीवाल्याला सगळी गल्ली ‘आधीतुम्ही’ म्हणायची. नावं ठेवण्यात गल्लीचा हात कुणी धरला नसता, पण या नावात खोट काढायला जागा नव्हती. दारात दोन माणसं एकदम आली की हा मागे सरकायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “आधी तुम्ही.” केस कापायला सकाळी जायचा आणि जेवायच्या वेळी तेवढेच केस डोक्यावर घेऊन परत यायचा, कारण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापेक्षा जास्त घाई असायची. एकदा कोपऱ्यावरचा शिंपी आणि हा शिंप्याच्याच दारात समोरासमोर आले. शिंपीही तसाच भिडस्त. दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत इतका वेळ उभे राहिले की शेवटी शिंप्याच्या बायकोने आतून येऊन दार लावून घेतलं.

धंदा कवळ्या बनवायचा. घरामागच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, गावातल्या म्हाताऱ्यांचे. या जबड्यांवर तो मेणाची गुलाबी हिरडी चढवायचा, एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. हातात कला होती. दाताच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, “तुमची कवळी लावून माणूस हसला की सख्ख्या बायकोला कळत नाही.”

या डॉक्टरबाईंनी दवाखाना नदीपलीकडे हलवला आणि तिथून सगळं बिनसलं. कवळ्या पोचवायला बस धरावी लागे. बस धरायची म्हणजे आधी चढावं लागतं. आणि याच्यामागे कुणी ना कुणी उभं असायचंच. एका गृहस्थांच्या सत्काराचा कार्यक्रम होता, त्यांची नवी कवळी दुपारी पोचायची होती. कवळीवाला डबा छातीशी धरून थांब्यावर उभा होता आणि बसमागून बस सोडत होता. संध्याकाळी गृहस्थ दातांशिवाय भाषणाला उभे राहिले. त्यांनी आभार मानले की शिव्या दिल्या, यावर श्रोत्यांत अजून एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आपल्या भावाची पडून असलेली मोटरसायकल याच्या दारात आणून उभी केली. “लायसन काढा,” त्या म्हणाल्या, “नाहीतर मी दुसरा कवळीवाला बघते.”

“अहो, माझ्याने नाही होणार ते,” कवळीवाला रात्री बायकोला म्हणाला. “रस्त्यावर सगळ्यांनाच पुढे जायचं असतं.”

“तुम्हालाही जायचंय, एवढंच लक्षात ठेवा,” बायको म्हणाली. “आणि शिकवायला बाबा आहेत की.”

बाबा म्हणजे सासरे. उभा जन्म त्यांनी रोडरोलर चालवला होता. निवृत्त झाल्यापासून ते लेकीकडेच असत आणि खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांना नापास करत. मोटरसायकलवर ते आयुष्यात बसले नव्हते, पण रस्त्याबद्दल कुणी आपल्याला शिकवावं असं त्यांना वाटत नसे. कारण बहुतेक रस्ते त्यांनीच दाबले होते.

“जावईबापू,” दुसऱ्या दिवशी पहाटे ते अंगणात कमरेवर हात ठेवून उभे राहिले, “चाक ते चाक. ते लोखंडाचं असो नाहीतर रबराचं. पहिली गोष्ट, घाई करायची नाही. घाई केली की रस्ता कच्चा राहतो.”

“मामा, पण मला रस्ता कुठे दाबायचाय?”

“तुम्ही फक्त ऐका हो!”

परीक्षेत आठचा आकडा काढावा लागतो, पाय जमिनीला लागला की नापास, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांनी अंगणात प्लास्टरच्या भुकटीने भला मोठा आठ काढला. खुणेला काय ठेवावं म्हणून फळीवरचे जुने, नको असलेले जबडे आणले आणि आठच्या कडेने मांडून टाकले. आता चाक जरा इकडेतिकडे झालं की खालून कुणाचा तरी जबडा ‘कट्’ करायचा. पहिल्या आठवड्यात अर्ध्या गावाच्या दाढा फुटल्या. प्रत्येक वेळी कवळीवाला गाडी थांबवून उतरायचा, तुकडे गोळा करायचा आणि ज्याचा जबडा त्याचं नाव घेऊन माफी मागायचा.

सासरे स्वतः लाल फडकं हातात घेऊन गाडीपुढे चालत, जसा त्यांच्या रोलरपुढे एक माणूस चालायचा तसे. गाडी त्यांच्या चालीच्या पुढे जाता कामा नये, हा नियम. त्यात सासऱ्यांचा एक गुडघा धरलेला. ते मध्येच थांबत, गुडघा चोळत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, आणि मागे गाडी अर्ध्या क्लचवर गुरगुरत, पाय न टेकता, जागच्या जागी डुलत उभी राही. मग सासरे मागे वळून ओरडत, “मागे बघा! दबला का रस्ता?” आणि जावई मागे बघून म्हणे, “दबला, मामा.”

“बाबा, त्यांना जरा जोरात चालवू द्या की,” बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

“जोरात कुणीही चालवतं,” सासरे म्हणायचे. “उतारावर दगडसुद्धा जोरात जातो.”

हळूहळू, म्हणजे अक्षरशः हळूहळूच, कवळीवाला तरबेज झाला. गाडी चालली आहे की उभी आहे हे शेजाऱ्यांना ओळखू येईनासं झालं. शेजारची आजी भाजी निवडत बाजूने चालायची आणि त्याच्याशी सुनेच्या कागाळ्या करायची. फेरी संपेपर्यंत भाजीही संपायची, सूनही.

परीक्षेला तो पहिल्यांदा गेला तेव्हा बायकोला सोबत न्यायचं विसरला. मैदानाच्या फाटकापाशी रांग होती. तो पहिला पोचला होता. संध्याकाळी घरी आला तेव्हा बायकोने विचारलं, “काय झालं?”

“नंबरच लागला नाही गं. सगळे घाईत होते बिचारे.”

बायकोने कपाळावर हात मारला. पुढच्या वेळी ती आणि सासरे दोघंही गेले. रांगेत बायको त्याच्या मागे पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि पुढे येऊ बघणाऱ्याला नुसत्या नजरेने परतवू लागली. कवळीवाल्याला पाठीमागचं काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं आज लोक फारच सज्जन आहेत.

परीक्षा घेणारे साहेब खुर्चीत छत्री धरून बसले होते. किडकिडीत माणूस, मिशी बारीक, आणि बोलणं त्याहून कमी. पोरं झूमकन यायची, वळणावर डगमगायची, पाय टेकायची. साहेब छत्रीही न हलवता म्हणायचे, “नापास.” पुढचा.

कवळीवाल्याची पाळी आली. त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला, साहेबांना नमस्कार केला आणि निघाला.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. “सुरू करा,” ते म्हणाले.

“सुरू झालंय, साहेब.”

साहेबांनी छत्री बाजूला केली. खाली वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं. चाकातला हवेचा व्हॉल्व्ह वर होता, तो उजवीकडे येत होता, म्हणजे गाडी चालली होती हे नक्की. साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपायानेही वाकून पाहिलं. “चालतीय साहेब,” तो म्हणाला. “पण मनापासून नाही.”

कुंपणापलीकडे सासरे अभिमानाने ताठ झाले होते. “बघा, बघा,” ते शेजारच्या माणसाला सांगत होते, “याला म्हणतात वळण.”

आठच्या मध्यावर एक मांजर रेघेवर येऊन बसली. कवळीवाला थांबला. पाय पायदांडीवरच. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, सरळ झाली. “आधी तुम्ही,” तो मांजरीला म्हणाला. मांजरीने एक पंजा चाटला. मग दुसरा चाटला. मांजर निघून गेली तेव्हा नापास झालेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांची जेवायची वेळ झाली. ते चाकापुढे एक खडा ठेवून गेले. जेवून, हात पुसत परत आले तर खडा मागे राहिला होता आणि आठ पुरा व्हायला थोडासा बाकी होता. पाय टेकला नव्हता, रेघ मोडली नव्हती. किती वेळात, याबद्दल नियमांत अवाक्षर नव्हतं. हा प्रसंग येईल असं नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. आवाज जरा उतरला होता. “आता ब्रेक. मी तिकडे उभा राहतो. तुम्ही वेगात यायचं. मी हात वर केला की थांबायचं. त्याआधी थांबलात तर नापास.”

कवळीवाला निघाला. साहेबांनी हात वर केला. गाडी थांबली. मधे गाडी सुटल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

“वेगात!” साहेब ओरडले. “वेग माहितीये का काय असतो?”

कवळीवाल्याने समोर पाहिलं. मैदानाच्या टोकाला, बरोबर मधोमध, साहेब उभे. नमस्कार करण्याजोगा माणूस. “साहेब,” तो तिथूनच म्हणाला, “तुम्ही असे समोर उभे. तुमच्या अंगावर कसा येऊ?”

“मीच सांगतोय ना? या अंगावर!”

“बरं दिसत नाही हो ते.”

“अहो, ते एवढं म्हणतायत तर त्यांचं मन का मोडता!” कुंपणावरून बायको ओरडली.

हा मुद्दा मात्र त्याला पटला. मोठ्या माणसाचा शब्द मोडणं त्याहून वाईट. “माफ करा हं, साहेब,” तो म्हणाला, डोळे बारीक केले आणि मूठ पिळली.

इतके दिवस अर्ध्या क्लचवर कोंडून ठेवलेली ती मोटरसायकल बंदुकीतून सुटावी तशी सुटली. मागे धुळीची भिंत, पुढे कवळीवाल्याचा आवाज, “माफ करा! माफ करा! माफ करा!”

साहेबांनी आजवर पुष्कळ माणसं अंगावर येताना पाहिली होती, पण माफी मागत येणारा हा पहिलाच. त्याला नक्की काय करायचंय कुणास ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं आणि हात वर करायचा तो हात छातीवर गेला. मग ते पळाले.

आता कवळीवाल्याची पंचाईत झाली. हात वर झाल्याशिवाय थांबायचं नव्हतं. “साहेब, हात!” तो ओरडला.

साहेब छत्री टाकून पळत होते. घाबरलेला माणूस सवयीच्या वाटेने पळतो, तसे ते नेमके आठच्या रेघेत शिरले. एक वळण, मग मध्य, मग दुसरं वळण, आणि मागे गाडी. पाय पायदांडीवर, चाक रेघेच्या आत, वळण असं सुबक की सासरेसुद्धा गप्प झाले.

“साहेब, हात दाखवा! मला थांबायचंय हो!”

“थांबा की मग!”

“हात दाखवल्याशिवाय कसा थांबू? नापास कराल!”

दुसऱ्या फेरीला साहेबांचा दम संपला. ते आठच्या मध्यावर वळले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात आकाशात नेले. गाडी जागच्या जागी थांबली. पुढचं चाक आणि साहेबांची मिशी यांत वीतभर अंतर उरलं. कवळीवाल्याने पाय न टेकता गाडी तोलून धरली आणि हेल्मेटच्या आतून विचारलं, “आता पाय टेकू का?”

शिपायाने साहेबांना उठवलं, झटकलं, छत्री हातात दिली.

“पास,” ते म्हणाले.

“साहेब, बघा हं,” कवळीवाला संकोचून म्हणाला, “काही चुकलं असेल तर मी पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.”

“पास म्हटलं ना!” साहेब किंचाळले. “पुन्हा यायचं नाही!”

त्या दिवसापासून त्याला गाडीचे दोन वेग येतात, रोलरचा आणि साहेबांचा. मधला वेग त्याला कधीच सापडला नाही. गल्लीत तो पहिला वापरतो आणि लोक त्याच्याशी बोलत बोलत चालतात. नदीच्या पुलावर दुसरा. कवळ्या वेळेवर पोचतात, कधीकधी तर डॉक्टरबाई दवाखाना उघडायच्या आधीच.

पहिल्या फेरीला सासरे हट्टाने मागे बसले होते, कवळीचा डबा मांडीवर धरून. पुलाच्या तोंडाशी जावयाने “माफ करा, मामा” म्हणून मूठ पिळली, तेव्हा त्यांनी शर्ट घट्ट पकडला. पुलाच्या अर्ध्यावर गेले तरी मागून आवाज नाही. जावई घाबरला.

“मामा, ठीक आहात ना?”

“वारा लागतोय,” सासरे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “समोरून लागतोय हो. सगळा तोंडावर.” उभा जन्म रस्त्यावर काढलेल्या त्या माणसाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

“हळू करू का?”

“गळ्यातला रुमाल उडाला माझा.”

“अरेरे! थांबू? मागे जाऊन आणू?”

“काही नको,” सासरे ओरडले. “त्याला घाई होती, गेला. तुम्ही पिळा.”