नाखविणीचं दार

दुपारी माझं दार लावलेलं दिसलं की नाखवीण त्यावर थाप मारायची आणि विचारायची, "मेलीस का गो?" मी आतून ओरडायचे, नाही मेले, झोपलेय. तेवढं ऐकून ती आपल्या वाटेने जायची. दुसरं काही काम नसायचंच. वेसाव्याच्या कोळीवाड्यात ती जन्मली, तिथेच लग्न झालं, आणि तिथे दिवसा दार लावत नाहीत. दिवसा दार बंद म्हणजे घरात मयत झालंय नाहीतर भांडण, अशी तिची समजूत. मी मालवणकडची, नवरा गिरणीत होता, अर्धं आयुष्य चाळीत गेलं, तेव्हा उघड्या दाराची सवय मलाही होती. पण म्हातारपणी दुपारची झोप येते आणि झोपताना दार लावावं लागतं. हे तिला कधी पटलं नाही.

खाडीजवळच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर आमची दारं समोरासमोर. तिच्या नवऱ्याची एके काळी होडी होती, म्हणून तो नाखवा आणि ती नाखवीण. होडी विकली तरी नावं राहिली. ती रोज सकाळी टोपली घेऊन बाजारात बसायची. प्रेमळ बाई वगैरे ती नव्हती. शेजारीण म्हणून मला कधी एक कोलंबी जास्त घातली नाही. वर म्हणायची, "शेजार घरात. बाजारात तू गिऱ्हाईक."

आमच्या तळमजल्याला ओल फार. नाखविणीचं घर मागच्या अंगाला, तिथे ऊन येतच नाही. भिंतीचे पोपडे निघायचे, कपाटामागे हिरवी-काळी बुरशी चढायची. रंग दिला की एक उन्हाळा बरा जायचा, पावसाळ्यात बुरशी पुन्हा जागेवर. त्यात नाखव्याची छाती धरली. श्वास घेताना शिट्टी वाजायची. एक वाक्य पुरं करायला त्याला मध्ये थांबावं लागे, आणि तोवर नाखवीण ते स्वतःच पुरं करून टाकी. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरातली ओल घालवा, नाहीतर ह्यांना त्या घरातून हलवा.

मुलगा कांजूरमार्गला अकराव्या मजल्यावर राहतो. चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, दोघंही माझ्याकडे चला. नाखवीण एकदा जाऊन घर बघून आली. मी विचारलं, कसं आहे. म्हणाली, "घर झकास हाय. खिडकीतून दर्या दिसत नाय, कचऱ्याचा डोंगर दिसतो. माझ्या टोपलीला नाक मुरडणारी माणसं त्याच्यासमोर बसून चाय पितात." मग जरा वेळाने म्हणाली, तिथे सगळ्यांची दारं बंद असतात. तिला खरं तेच खुपत होतं. शिवाय तिथून रोज वेसाव्याच्या बाजारात येणं तिच्या वयाला झेपणारं नव्हतं. गेली असती तर टोपली सुटली असती, आणि टोपली सुटल्यावर ही बाई काय करणार होती, ते मला तरी दिसत नव्हतं.

शेवटी मुलाने एक मशीन आणून दिलं. हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीत पाणी जमा करतं. इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही. उशीएवढं, काळं, कोपऱ्यात गुरगुरत बसणारं. नाखवीण त्याला पाणकावळा म्हणायला लागली. खाडीतल्या खुंटावर पंख पसरून बसतो ना, त्या पक्ष्यासारखं. मुलगा जाताना दोन गोष्टी सांगून गेला. एक, मशीन चालू असताना दारं-खिडक्या लावायच्या. दुसरी, दिवाळीला येतो, तोवर भिंत सुकली नाही तर बाबाला घेऊन जातो. तिने दुसरी गोष्ट तेवढी ऐकली.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी टाकी भरली, लाल दिवा लागला, आणि नाखवीण ते पाणी बादलीत ओतून मला दाखवायला घेऊन आली. चेहरा असा, की जशी काही होडी पापलेटांनी भरून आली आहे. मग रोजचं तेच. आज जास्त लागलं, आज कमी लागलं. कमी पाणी निघालं की ती चिडायची आणि दुसऱ्या दिवशी मागची खिडकीसुद्धा सताड उघडायची, मशीनला भरपूर हवा मिळावी म्हणून. जन्मभर मासळी विकलेली बाई. जास्त आलं म्हणजे चांगलं, हे तिच्या रक्तातच होतं. टाक्या भरत होत्या आणि भिंत होती तशीच चिंब. नाखव्याची शिट्टीही तशीच.

मी चौथी शिकलेली. पण बाहेर पाऊस पडत असताना खिडकी उघडी ठेवून घर सुकत नाही, एवढं कळायला चौथीही लागत नाही. मी तिला म्हटलं, तू घर सुकवतेस की समुद्र? तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. ते काही फार टिकलं नाही, कारण बोलल्याशिवाय तिला राहवत नसे. पण दार उघडंच राहिलं.

शेवटी नाखवाच बोलला. मी तिथे चहा पीत बसले होते. तो थांबत थांबत म्हणाला, "जाळ्याच्या शेपटाला... गाठ नाय मारली, तर म्हावरं... राहतं का गो आत?" नाखविणीने या वेळी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. पुरं होईपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली, मागची खिडकी लावली, पुढच्या दाराशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली. मला म्हणाली, "चल, बाहेर हो." आणि आम्ही दोघी बाहेर आल्यावर तिने दार ओढून घेतलं.

ती दुपार ती आपल्याच बंद दाराबाहेर पाट टाकून बसली. येणारा-जाणारा घाबरून विचारायचा, काय झालं, कोण गेलं. ती सांगायची, "कोण नाय गेलं. आत घर सुकतंय." जसे काही बोंबील घातलेत वाळत. पण रोज पाटावर बसून तिला कुठे भागणार होतं, बाजार होता. म्हणून तिने सगळ्या इमारतीला ताकीद दिली. दारावरून जाईल त्याने थाप मारायची आणि नाखवा जिवंत आहे का ते विचारायचं. वरच्या मजल्यावरचे लोक आधी लाजले. "मेलास का रे नाखवा?" असं शिकलेल्या माणसाच्या तोंडून निघत नाही. त्यांनी "काका, बरे आहात ना?" असं सुरू केलं. नाखवा आतून हुंकार द्यायचा.

पाणी हळूहळू कमी निघायला लागलं. नाखविणीला ते सहन होईना. मी सांगितलं, अगो, खाडी बाहेर राहिली, आता घरात उरलंय तेवढंच निघणार. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. तिने आपली परीक्षा लावली. कपाटामागे खिळ्याला एक सुका बोंबील टांगला. ओल असली की बोंबील लोळागोळा होतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. घरात वास सुटला, तर म्हणाली, छातीला चांगला असतो. तसं काही नसतं.

दिवाळीला मुलगा आला. बॅग भरायच्या तयारीनेच आला होता. फराळाचं ताट समोर ठेवून नाखवीण कपाटामागे गेली, बोंबील काढला आणि त्याच्या कानाशी नेऊन मोडला. कट्कन वाजला. मुलाने भिंतीला हात लावला, मग दुसरा लावला. नाखवा म्हणाला, "चकली खा." शिट्टी होती, पण बारीक. मुलगा रिकाम्या हाताने परत गेला. रिकाम्या म्हणजे, बांगडे दिले होते. मुलगा गिऱ्हाईक नव्हता.

गेल्या वर्षी नाखवीण गेली. बाजारात टोपलीशी बसल्या जागी. बरं झालं म्हणणार नाही, पण अकराव्या मजल्यावर बंद दारामागे गेली असती तर मला जास्त राग आला असता. मुलगा पुन्हा वडलांना न्यायला आला. नाखवा म्हणाला, भिंती सुक्या आहेत, मी इथेच बरा. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी समोरच आहे, मला कुठे जायचंय.

आता दुपारची मी झोपत नाही. झोपले तरी माझ्या दारावर थाप मारणारं कोणी नाही. चहाच्या आधी समोर जाते आणि नाखविणीच्याच शब्दांत विचारते. मला लाज वाटत नाही. परवा थाप मारली.

"मेलास का रे नाखवा?"

आतून आवाज आला, "नाय गो, पाणकावळा भरलाय, ये आणि ओत."

अख्खं वाक्य, एका दमात. मी आत गेले, टाकी ओतली, आणि निघताना दार नीट लावून घेतलं.