मावशीचा ओटा आणि सोळा इंची मशीन

आमच्या मावशीला छपन्नाव्या वर्षी मागणी आली. खोटं कशाला सांगू, मी तर टुणकन उडीच मारली! मागणी घातली खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी. त्यांची बायको जाऊन दहा वर्षं झालेली, आणि मावशीने जन्मभर लोकांचे कपडे शिवण्यापलीकडे कशाकडे बघितलेलं नाही. त्यांची इच्छा एकच, घरात एस्प्रेसो कॉफीचं मशीन हवं. मावशीचं उत्तरही एकच, "माझ्या ओट्यावर बसलं तर हो. नाही बसलं तर विषय संपला."

म्हणजे लग्न अडलं कुठे, तर ओट्यावर! हसावं की रडावं, कळेना.

दुकानात मावशीने गळ्यातली टेप काढून तिथली लहान, मधली, मोठी अशी तिन्ही मशिनं मापली. तिचा आवेश बघून विक्रेत्यानेही हात वर केले, त्याचंच माप घेणार असल्यासारखे. घरी येऊन तिने ओट्यावर ठेवून बघायला त्याच मापांचे खाकी कागदाचे तीन खोके बेतले, चक्क टाके घालून उभे केले. थोरला खोका शेगडीवर चढला. धाकटा छान बसला, पण तो एका कपाचा.

"एकाने प्यायचं आणि दुसऱ्याने तोंड बघायचं?" मी म्हटलं.

मधला दोन कपांचा, सोळा इंच उंच. वरची फळी अठरा इंचांवर. बसला की! मी नाचायलाच लागले. घड्याळजी मात्र वाकून बघत पडेल आवाजात म्हणाले, "पाणी वरून भरतात हो. झाकण उघडायला अजून चार इंच लागतील."

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? असा राग आला मला!

"राहू दे मशीन," ते म्हणाले. "मी चहा पिईन."

मावशी उसळली. "तीस वर्षं शिवतेय मी. कपडा आखूड झाला म्हणून गिऱ्हाईक नाही कापलं कधी!"

ती स्टुलावर चढली. फळीवरचे डबे माझ्या हातात कोंबले आणि पेचकस मागितला. घड्याळजींनी खिशातून काढला तो काडीएवढा!

"याने काय मुंगीचे स्क्रू काढू?"

मग तिने आपली कापडाची कात्री उचलली. त्या कात्रीने ती कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही, आणि तिचंच टोक तिने गंजक्या स्क्रूत खुपसलं. टोक मोडलं. फळी निघाली, ती थेट घड्याळजींच्या मिठीत.

"अहो, तुमची कात्री..." ते पुटपुटले.

"जाऊ दे तिला खड्ड्यात," केसांत धूळ, गाल लालेलाल, मावशी स्टुलावरूनच ओरडली, "हो म्हणतेय ना मी!"