कोबीवाल्या मावशीला दिलेलं मत

गेल्या उन्हाळ्यात मी दर रविवारी संध्याकाळी आयर्लंडमध्ये राहत होतो. निदान टीव्हीला तरी तसं सांगत होतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात कूलर घरघरत असायचा, बाहेरचं डांबर दिवसभराच्या उन्हानं मऊ झालेलं असायचं, आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायचा की तुम्ही सध्या आयर्लंडमध्ये आहात का. मी रिमोटनं 'हो' दाबायचो. त्याच दिवशी सकाळी मी विहारात सगळ्यांसोबत हात जोडून पंचशील म्हटलेलं असायचं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते माझ्याजवळ कसंबसं टिकायचं आणि सात वाजता संपायचं.

हे सगळं मुलीमुळे झालं असं म्हणता आलं असतं, पण तेही खोटंच होईल. मुलगी तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. गेली तेव्हा सुरुवातीला तिचे फोन लांबलचक असायचे. बसमध्ये कसं चढतात, दुकानात मेथी मिळते की नाही, वॉर्डातली म्हातारी काय म्हणाली, सगळं ती सांगायची. मग ते हळूहळू आखडत गेलं. तिची आई विचारायची, जेवली का. ती म्हणायची हो, तुम्ही जेवले का. आई विचारायची थंडी आहे का, ती म्हणायची आहे. त्यानंतर दोघी फोनच्या काचेतून एकमेकींकडे नुसत्या पाहत राहायच्या. फोन ठेवला की बायको तो पदरानं पुसून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, पोरगी बरी आहे. मी मान हलवायचो. यापेक्षा जास्त बोलण्याची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

एकदा बोलता बोलता मुलगी म्हणाली की रविवारी दुपारी ती आणि तिच्यासोबत राहणाऱ्या दोघी मुली टीव्हीवर एक कार्यक्रम पाहतात. त्यात दहा माणसं भाजीपाला पिकवतात, दर आठवड्याला एकजण घरी जातो, आणि शेवटी उरलेल्या दोघांमधून लोक मत देऊन एकाला निवडतात. बायको सावरून बसली. ती नाचणगावची. तिच्या वडिलांची भाजीची वाडी होती आणि लग्न होईपर्यंत तिचं अर्धं आयुष्य वांग्यांच्या सऱ्यांमध्येच गेलेलं. तिनं विचारलं कोणत्या भाज्या, वाफे कसे करतात, पाणी कुठून देतात. मुलीला अर्धी उत्तरं येत नव्हती, पण फोन बऱ्याच वेळानं ठेवला गेला. ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "मले ते पाह्यचं आहे."

मी शोधलं. ती सेवा फक्त आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी होती. भारतातून उघडली की एक सभ्य दिलगिरी यायची. मुलीला कळवलं तर तिनं स्वतःचं खातं आणि पासवर्ड दिला, आणि आपण दुसऱ्याच देशात आहोत असं टीव्हीला वाटायला लावणारं एक ॲपही सांगितलं. तिनं तिकडून सूचना द्यायच्या, आईनं फोन टीव्हीसमोर धरायचा, आणि मी रिमोट दाबत जायचं, असं ते बसवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. दुसऱ्याचं पाहून लिहू नका हे मी इतकी वर्षं पोरांना सांगत आलो आहे, आणि इथे मीच मुलीच्या सांगण्यावरून एकेक बटण दाबत होतो. ॲपवर हिरवा ठिपका लागला तेव्हा बायकोनं टाळी वाजवली. मीही वाजवली.

ते ॲप नंतर बंद करायचं मी विसरलो. त्याचा परिणाम तीन दिवसांनी दिसला. शाळेला सुट्या होत्या, गच्चीवर कुरड्या वाळत होत्या, आणि दुपारी बायकोला टीव्हीच्या कोपऱ्यात ढग आणि थेंब दिसले. ती उठली, मीही उठलो. दोघं धावत गच्चीवर गेलो आणि चादरी गोळा करू लागलो. शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, काऊन उचलून राह्यले जी. बायकोनं सांगितलं, टीव्हीवर पाऊस दाखवला. काकूंनी पुढच्या गच्चीवर सांगितलं. थोड्या वेळात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून सगळ्यांचं वाळवण खाली आलं आणि सगळे दारात उभे राहून वर पाहू लागले. वर्ध्याचं ऊन पांढरं रटरटत होतं, ढगाचा एक तुकडा नव्हता. मी आत येऊन पाहिलं. पाऊस डब्लिनमध्ये होता. बाहेर जाऊन हे कोणाला सांगण्याची माझी छाती झाली नाही. बायकोला सांगितलं तर ती कुरड्यांच्या चादरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

कार्यक्रमात एक साठीपुढची बाई होती. रबरी बूट, विटका स्वेटर, आणि तिची पानकोबी आमच्या घागरीएवढी. बाकीच्यांशी ती फारशी बोलायची नाही, कोबीशी बोलायची. बायकोनं तिचं नाव कोबीवाली मावशी ठेवलं. मुलीचा आणि तिच्या मैत्रिणींचा मात्र एक तरणाबांड गडी लाडका होता. तो काचघरात टमाटर पिकवायचा आणि बोलताना केस मागे सारायचा. आता फोन आला की जेवणाखाण्याचं कोणी विचारेना. बायको म्हणायची, त्याच्या नखात माती दिसली का तुले कधी. मुलगी म्हणायची, आई, टमाटर पाह्य ना, हात काय पाह्यते. मी इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायचो, पण बायकोला माझी गरज फारशी पडत नव्हती. मावशीच्या वाफ्यात गोगलगायी शिरल्या त्या रविवारी तिनं रात्रीचा स्वयंपाक केला नाही. आम्ही मुरमुरे खाल्ले.

आणि अखेरच्या दोघांत उरले ते मावशी आणि टमाटरवालाच. भाग संपला, पडद्यावर दोघांचे चेहरे आले आणि खाली लिहून आलं की एका खात्यावरून एकच मत, पुढच्या शनिवारपर्यंत.

"दाबा ना जी," बायको म्हणाली.

मी तिला समजावलं की हे पाहणं वेगळं आणि मत देणं वेगळं. आपण तिथले मतदार नाही. हे बोलताना माझा आवाज ड्यूटीवर असतो तसा झाला, कारण दर निवडणुकीला माझं नाव लागतं, आणि अलीकडे तर केंद्राध्यक्ष म्हणूनच लागतं. ओळखपत्र नसलेल्या माणसाला मी हात जोडून परत पाठवलं आहे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग ती एवढंच म्हणाली की मावशीच्या मागे कोणी दिसत नाही, त्या पोराच्या मागे तर सारं गाव दिसते. मी मावशीच्या चेहऱ्यावर रिमोट नेला आणि दाबलं. टीव्हीनं पीऽऽ असा आवाज केला, आमच्या मतदान यंत्रासारखाच, आणि मत नोंदवल्याबद्दल आभार मानले. आम्ही दोघं चोरून आंबे पाडलेल्या पोरांसारखे एकमेकांकडे पाहून खिदळलो. ते खातं मुलीचं आहे आणि ते मतही तिचंच होतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. इतकी वर्षं मतदारयाद्या तपासणारा माणूस मी.

मंगळवारी मुलीचा फोन आला. ती मत द्यायला गेली तर पडद्यानं सांगितलं की तुमचं मत देऊन झालं आहे.

"मायं मत कोनं तरी देऊन टाकलं, बाबा," ती म्हणाली.

असं झालं तर काय करायचं ते मला पाठ आहे. एका गावातल्या केंद्रावर नवं लुगडं नेसून आलेली एक बाई अशीच माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती. तिच्या नावावर आधीच कोणी बोट उमटवून गेलं होतं. अशा वेळी प्रदत्त मत म्हणून कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात बंद करतात. मोजतीन ना हे, असं तिनं विचारलं होतं. कायद्यात तरतूद आहे, असं मी म्हणालो होतो. सहसा मोजत नाहीत, हे मी तिला सांगितलं नव्हतं. आता माझी मुलगी त्या बाईच्या जागी होती आणि बोट उमटवून गेलेला मी होतो. चौथं शील मोडलंच होतं. न दिलेलं घेऊ नये हे दुसरंही मोडलं.

मुलगी म्हणाली की तिचा संशय सोबतच्या केरळच्या मुलीवर आहे, तिच्याच लॅपटॉपवर खातं उघडं राहिलं होतं. तरी मी नुसतं हं म्हटलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. चहासुद्धा आपापला करतात. मग मला बसवेना. सायकल काढून पवनारच्या रस्त्यानं धाम नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. शेवटी घरी येऊन मीच फोन लावला.

"ते मत मी देल्लं," मी म्हणालो. "मावशीले."

ती म्हणाली, "लोकायच्या बोटाले शाई लावता तुमी, बाबा."

फोन बंद झाला. संध्याकाळी टीव्ही लावला तर त्यानं पासवर्ड मागितला. जुना चालेना. बायकोनं मला बोल लावला नाही. दाबा म्हणून मीनंच म्हणलं होतं, एवढंच ती म्हणाली, आणि ते मला बोल लावण्यापेक्षा जड गेलं. शुक्रवारी फोन आला तेव्हा मुलीनं विचारलं, जेवली का आई. आईनं सांगितलं, हो, तू. पुढे थंडीची चौकशी झाली. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकत होतो. एका कोबीसाठी मी पुन्हा त्यांना थंडीवर आणून ठेवलं होतं.

रविवारी साडेसहालाच बायको बंद टीव्हीसमोर जाऊन बसली. मीही शेजारी जाऊन बसलो. सातला दहा कमी असताना फोन वाजला. तिकडे तिघी मुली एका सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेल्या. मुलगी म्हणाली, बाबाले दे. मग तिनं अटी सांगितल्या. पहिली, तिच्या मैत्रिणीची माफी मागायची. मी उभा राहिलो. का उभा राहिलो ते माहीत नाही. इंग्रजीत पूर्ण वाक्यांत, शाळेच्या परिपाठात म्हणतात तसं, मी त्या मुलीची माफी मागितली. ती गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. शेवटी म्हणाली की अंकल, माफ केलं, पण तुमची मावशी आज हरणार. तिघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. दुसरी अट दंडाची होती. पुढच्या महिन्यात नागपूरचं कोणी तिकडे जाणार होतं, त्याच्याबरोबर गोरसपाकचे, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या बिस्किटांचे, दोन डबे पाठवायचे. मी तीन कबूल केले. मग मुलीनं नवा पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर. मी टाकत गेलो आणि शेवटच्या अक्षराला मला कळलं की तो इंग्रजी अक्षरांत 'पानकोबी' आहे.

कार्यक्रम सुरू झाला. आमचं चित्र जगाला वळसा घालून यायचं, त्यामुळे तिकडच्यापेक्षा ते अर्धा मिनिट मागे असायचं. म्हणून मुलीला शपथ घातली होती की निकाल लागला तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून टीव्हीच्या बाजूला ठेवला. निकालाची वेळ आली तशी मी पडद्याच्या इतका जवळ गेलो की बायकोला काही दिसेना. वळून पाहिलं तर तिचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. ती फोनकडे पाहत होती, मुलीच्या चेहऱ्याकडे.

"जिंकली," ती म्हणाली.

आमच्या टीव्हीवर निवेदक अजून श्वास घेत होता. मी विचारलं, कायवरून.

"हारली असती तर पोरीनं मायाकडं पाह्यलं असतं. ते तिकडं तोंड करून राह्यली."

आणि खरंच, फोनमध्ये मुलगी भिंतीकडे तोंड करून, ओठ दाबून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मग आमच्या पडद्यावर मावशीचं नाव उच्चारलं गेलं. मावशीनं बुटाच्या टाचा एकमेकींवर आपटल्या, बायकोनं माझा हात धरून मला गोल फिरवलं, आणि तिकडे तिघी मुली एकदम ओरडू लागल्या, दोघी रागानं आणि एक कशानं ते मला नीट सांगता येणार नाही.

किती मतांनी जिंकली ते त्यांनी सांगितलं नाही. एका मतानं असेल तर काय, हा विचार माझ्या मनात आला आणि अजून येतो. मी त्या सेवेला पत्र लिहून सगळं कबूल करावं असं म्हणालो, तर बायको म्हणाली, लिहा, पण त्या गल्लीतल्या पावसाचंही लिहा मंग. मी मुलीला विचारलं, तुझं मत तू कोणाला देणार होतीस.

"मत गुप्त असते, बाबा," ती म्हणाली. "तुमालेच म्हाईत पायजे."

मी चहा टाकायला आत गेलो. कप घेऊन आलो तेव्हा मायलेकी टमाटरवाल्याच्या केसांवर आल्या होत्या. तिथून मावशीच्या स्वेटरवर गेल्या, स्वेटरवरून केरळच्या मुलीच्या लग्नावर, आणि लग्नावरून वॉर्डातल्या एका म्हातारीवर, जी या मुलीला रोज आपल्या ताटातला बटाटा देते. मी कप टेबलावर ठेवला. चहा गार झाला. मी तो उचलून नेला आणि पुन्हा गरम करून आणला.