रुआनला घरात ठेवायचं का?

नवऱ्याला सोडावं की नाही, हे माझ्या भावजयीने बासष्ट बायकांना विचारलं. तिचं नाव रोझिल्दा. बायकांना वाटलं ती कादंबरी सांगतेय. नवरा कोण, हे फक्त मला कळलं होतं, कारण तो माझा सख्खा धाकटा भाऊ, एदिवाल. म्हणून हे मी सांगायला हवं. दुसरी कोण सांगणार?

आमच्या तोरितामा गावात घरोघरी जीन्स शिवतात. कोणी खिसे लावतं, कोणी चेन, कोणी नुसते पट्टे. रोझिल्दा चेन लावायची, पंधराव्या वर्षापासून. सकाळी मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस नि अंडं पोटात ढकलून मशिनवर बसलं की दिवेलागणीपर्यंत मान वर नाही. डोळे सुईवर, हात कापडावर, मोकळे काय ते कान. तिला लहानपणापासून टपरीवरच्या पातळ प्रेमकथांचं वेड. दुपारी जेवणाच्या वेळी मशिनं थांबली की ती मोरीत शिरायची आणि स्वतः रचलेल्या कादंबरीचा एक भाग फोनवर बोलून आम्हा शिवणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर टाकायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात बायका कानात वायरी खुपसून रडताहेत. माझ्या शेजारच्या मशिनवरच्या जोसेफामावशीने तर एकदा भलत्याच पॅंटला चेन लावली. मुकादम ओरडला तर त्यालाच म्हणाली, "गप बस रे, आत्ता कुठे त्याने तिचा हात धरलाय."

पहिल्या दोन कादंबऱ्या डॉक्टर आणि जमीनदारांच्या होत्या. तिसरी तिने टीव्हीवरच्या बंद घरात नेली. बारा जणांना कोंडलंय, जागोजाग कॅमेरे, दर मंगळवारी लोकांच्या मतांनी एकजण बाहेर. तो कार्यक्रम आम्ही जेवण सोडून बघतो, तेव्हा कादंबरीवर उड्या पडणारच. तिने मतदानही ठेवलं. दर मंगळवारी ग्रुपवर प्रश्न यायचा आणि आम्ही बोट दाबायचो. कोणी कुठे दाबलं ते नावानिशी सगळ्यांना दिसायचं.

नायिका पेरोला. तिच्यावर जीव टाकणारा रुआन.

हा रुआन फार संशयी. पेरोला घरातल्या दुसऱ्या मुलाशी हसली म्हणून त्याने तिचं ताट भिंतीवर मारलं आणि रात्रभर तिच्या दाराशी बसून रडला. त्या मंगळवारी प्रश्न आला: रुआनला घरात ठेवायचं का? बायकांनी धडाधड 'हो' दाबलं. "किती प्रेम गं," मावशी म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याला मी कुणाशी बोलले तरी खबर नसते."

पुढच्या आठवड्यात रुआनने पेरोलाचा फोन काढून घेतला. ठेवायचं का? हो. त्याने तिला दारात उभं राहायला मनाई केली. हो. आणि बायकांनी तरी काय करावं, रोझिल्दा त्याला रंगवायचीच अशी. त्याची माफी सांगताना तिचा स्वतःचा आवाज भरून यायचा. तिचं प्रेम होतं एदिवालवर, हे खोटं नाही. म्हणूनच तिला एकटीला ठरवता येत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात रुआनने पेरोलाची वेणी कापडाच्या कात्रीने कापली. मी मशिनवर ऐकत होते. माझे हात थांबले. दोनच दिवसांपूर्वी रविवारी आईकडे जेवायला रोझिल्दा डोक्याला रुमाल बांधून आली होती.

"काय गं?" मी विचारलं होतं.

"उवा झाल्यात, ताई."

एदिवाल शेजारी बसून तिच्या ताटात घेवडा वाढत होता, प्रेमाने. बासष्ट बायकांत मला एकटीला कळलं. आणि मी काय केलं? 'हो' दाबलं. तोंडात मूग गिळून बसले, एवढंच नव्हे. मावशी पहिल्यांदाच कचरत होती, "केस कापणं जरा जास्तच नाही का?" तर मीच तिला समजावलं, "अगं, नंतर किती रडला तो. असा जीव लावणारा मिळत नाही."

का केलं मी असं? खूप कारणं शोधली. खरं कारण लाजिरवाणं आहे. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं होतं. गावातल्या बायका माझ्या भावाला नाकारतील, हे मला सहन होईना. आपल्या माणसाची लाज आपल्यालाच वाटली की माणूस दुप्पट जोराने त्याची बाजू घेतो. मी घेतली.

अकराव्या मंगळवारी शेवटचं मतदान होतं. रुआनने पेरोलाला भिंतीवर ढकललं होतं. आता तिने त्याच्याशी लग्न करावं की एकटीने घराबाहेर पडावं? त्या दिवशी रोझिल्दा माझ्याकडे आली. तिचा डावा खांदा उतरलेला होता. मी कॉफी ठेवली. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"तुझं मत आलं नाही अजून, ताई."

"देते की. घाई काय आहे?"

"विचार करून दे," ती म्हणाली आणि कॉफी न घेताच गेली.

मी विचार केला. मग दहा-बारा बायकांना फोन केले. प्रेमकथा आहे, लग्नाशिवाय संपवायची म्हणजे काय, असं पटवलं. अठ्ठावन्न बायका लग्नाच्या बाजूने, चार विरुद्ध. अठ्ठावन्नांत माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी रोझिल्दाने लग्नाचा भाग टाकला. फुलं, पांढरा झगा, सगळं साग्रसंगीत. बायका ढसाढसा रडल्या. मीही रडले, आणि सुटल्यासारखं वाटलं, हेही लपवत नाही.

तीन आठवड्यांनी एदिवालने तिला पोटात लाथा घातल्या. कारण काय तर शिवलेल्या जीन्स न्यायला आलेल्या टेंपोवाल्याला तिने पाणी दिलं.

जवळच्या कारुआरू शहरातल्या इस्पितळात मी तिच्याजवळ बसले. ऑपरेशन झालं होतं. तोंडातली नळी काढल्यावर ती बोलली, हळू, पण शुद्धीत.

"बहिणीकडे जायची पिशवी भरून ठेवली होती मी. त्या मंगळवारी."

"मग गेली का नाहीस, वेडे?"

"तुझं मत बघितलं." थोडा दम घेतला तिने. "बाकीच्यांना विचारतच नव्हते गं मी. त्यांना काय माहीत? तुला एकटीला विचारत होते. तू त्याला लहानपणापासून ओळखतेस. म्हटलं, ताई ठेव म्हणते म्हणजे सुधारेल."

"मला वाटलं गोष्ट आहे," मी म्हणाले. मरणाच्या दारातल्या बाईशीही मी खोटं बोलले.

"नाही वाटलं तुला," ती म्हणाली. रागाने नाही. मग तिने पाणी मागितलं, पण पाणी द्यायला मनाई होती, म्हणून मी कापसाने ओठ ओले केले.

ती गुरुवारी गेली. चौतीस वर्षांची होती.

एदिवाल तुरुंगात आहे. जबानीच्या आदल्या दिवशी आईने माझे पाय धरले, "दोघांचा संसार चांगला होता एवढंच सांग, तो तुझा भाऊ आहे." मी ते सांगितलं नाही. ताट, वेणी, खांदा, अठ्ठावन्न मतं, सगळं सांगितलं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पोलीस ठाण्यातला माणूस मात्र म्हणाला, बाई, तुम्ही धीट आहात.

पोलिसाने मला एकदाच विचारलं आणि मी सांगून टाकलं. रोझिल्दा अकरा मंगळवार विचारत होती.